दवंडी

माझ्या पणज्याचा आवाज सगळ्या गावात मोठा होता. आजा सांगायचा. वेशीपाशी उभा राहून पणज्यानं हाळी दिली की घोडनदीच्या काठच्या शेतात खुरपायला बसलेली बाई मान वर करायची.

"उद्या सांजंला चावडीवर सारा भरायचा हाय होऽ. पाटलाचा हुकूम हाय होऽ."

सारा सरकारचा. हुकूम पाटलाचा. आवाज आमचा.

दवंडी संपली की पणजा महारवाड्यात परत यायचा. घरी फार बोलायचा नाही म्हणे. दिवसभर दुसऱ्याचं ओरडून घसा बसलेला असायचा. स्वतःचं बोलायला आवाज शिल्लक राहत नसेल.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. ही वतनं रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. तीस वर्षं गेली मधे. महारकी सुटली. हातातली काठी गेली, खांद्यावरची घोंगडी गेली. घशातली दवंडी गेली का, हे मला गेल्या हिवाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं. आता थोडं थोडं कळलंय. तेच लिहितोय.

मी साखर कारखान्यात मिल हाऊसला हंगामी हेल्पर आहे. दहावीनंतर शाळा सुटली. बा वीटभट्टीवर होता, तो गेला, मग मला कामाला लागणं भाग होतं. पुढचं जे काय शिकलो ते पाळी संपल्यावर, खोलीतल्या पिवळ्या बल्बाखाली. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे खंड एकेक करून मिळवले. काही विकत, काही मागून, एक तर परत न करता. कविताही तिथंच लिहायला लागलो. कविता सोपी असते असं नाही, पण कविता वाचताना हातात कागद असतो. कागद धरला की हात कापतोय हे कागदाच्या नावावर खपतं.

गेल्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात माझी कविता ऐकून रेल्वेतले एक कारकून मला भेटले. म्हणाले, "आवाज आहे तुमच्याकडे. दौंडला आमचं वक्तृत्व मंडळ आहे, महिन्यातून दोन रविवारी बसतो. या."

हंगाम सुरू व्हायच्या आधी मी गेलो. दौंड हे जंक्शन. मनमाडकडची गाडी इथून फुटते, सोलापूरकडची सरळ जाते. स्टेशनात दिवसभर भोंग्यात आवाज चालू: अमुक गाडी, तमुक फलाट. मंडळ एका शाळेच्या हॉलमधे बसायचं. वीसएक खुर्च्या. मास्तर, वकील, स्पर्धा परीक्षेच्या क्लासचे सर, दोन बँकेतले, चार कॉलेजची पोरं. सगळ्यांचे शर्ट इस्तरीचे. मी माझा त्यातल्या त्यात बरा घातला होता, तरी कॉलरला मळीचा वास येतोय असं मलाच वाटत राहिलं.

मंडळाची रीत अशी. भाषण सात मिनिटांचं. एक जण घड्याळ घेऊन बसतो आणि घंटा वाजवतो. एक जण तुम्ही किती वेळा अडखळलात ते मोजतो. अं, म्हणजे, तर मग, सगळ्याच्या उभ्या रेघा मारतो. तिसरा भाषा तपासतो. शेवटी तिघंही उभे राहून तुमचा हिशेब सगळ्यांसमोर वाचतात. ही पद्धत अमेरिकेतली. १९२४ साली कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थानं टोस्टमास्टर्स नावाचा क्लब काढला, लोकांना चारचौघांत बोलता यावं म्हणून. आता जगभर आहेत असे क्लब. मंडळाच्या प्रमुखांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात दुसरंच आलं. त्याच १९२४ सालच्या जुलैत मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. तिकडं ज्यांना बोलता येत होतं त्यांना नीट बोलायला शिकवायचं होतं. इकडं चार वर्षं आधीच पेपराचं नाव मूकनायक ठेवावं लागलं होतं. दोन्हींच्या मधली जागा कुठली, तर मी बसलो होतो ती खुर्ची.

पहिल्या दिवशी नुसती ओळख करून द्यायची होती. मी नाव सांगितलं. मागून एक जण गोड आवाजात, "आडनाव काय म्हणालात?" मित्रांनो, हा प्रश्न तुम्ही ओळखता. नाव ऐकू आलेलं असतं, आडनावच तेवढं ऐकू येत नाही. मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग बाकीच्या खुर्च्यांनीही डोलावली.

हिशेब वाचणारे म्हणाले, "आवाज उत्तम. उच्चारांवर काम करा. पाणी म्हणताना आपण पानी म्हणालात."

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी माझी पाळी लागली. विषय 'माझ्या तालुक्याचा इतिहास'. शिरूर तालुक्याच्या पोरानं दुसरं काय बोलावं? कोरेगाव भीमा माझ्या तालुक्यात. ती फौज निघाली तीही शिरूरच्याच छावणीतून. मी तिथंच ठरवलं.

भाषण लिहायला मला दोनच रात्री लागल्या. कारण लिहायचं नव्हतंच, सगळं तयार होतं. लहानपणापासून जयंतीच्या ट्रकवर, पोस्टरवर, गाण्यांत जे ऐकलं ते ओळीनं मांडलं. पाचशे महार. अठ्ठावीस हजारांची फौज. पेशवाई बुडाली. मधे मधे टाळ्यांच्या जागा. वस्तीतल्या पोरांना बुद्धविहाराच्या ओट्यावर म्हणून दाखवलं, तर पोरं उठून उभी राहिली. एकानं मला खांद्यावर घेतलं. आय आतून म्हणाली, "घसा जपून ठेव, अजून दौंड ऱ्हायलंय."

मग पाठांतर. मिल हाऊसमधे कधी उभे राहिलात का? गव्हाणीतून ऊस येतो, कटरखाली बारीक होतो, मग एका मिलमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. लोखंडी रोलर त्याला दाबत जातात. रस खाली पन्हाळीत पडतो. चोथा पुढं सरकत बॉयलरकडं जातो आणि जळतो, त्याच्याच वाफेवर पुन्हा मिल फिरते. आवाज इतका, की शेजारचा माणूस ओठ हलवतो आणि आपण अंदाजानं हो म्हणतो. चार ते बारा पाळीत मी त्या आवाजात माझं भाषण म्हणायचो. जीव तोडून. कुणाला ऐकू जायचं नाही आणि मलाही ऐकू यायचं नाही. एकदा मिल फिटर मामांनी माझं तोंड हलताना पाहिलं. कानाशी येऊन ओरडले, "कुणाला शिव्या देतोय रं?"

एका रात्री पाळी सुटल्यावर खोलीत मोबाईलवर भाषण रेकॉर्ड केलं आणि अंधारात पडून ऐकलं. पहिल्यांदा वाटलं, हा कोण? मग ओळखलं. पणज्याचा आवाज मी कधी ऐकला नाही, पण तो हाच असणार. वेशीपाशी उभा राहून दिलेला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोच हेल, 'होऽ' तेवढा गाळलेला. खणखणीत होता आवाज. शब्द मात्र एकही माझा नव्हता. पाटलाचे नव्हते हे खरं. आपल्याच लोकांचे होते. पण मी ते तपासले नव्हते, चावले नव्हते. नुसते पोचवत होतो.

झोप लागली नाही. बाबासाहेब एखादा मुद्दा मांडताना किती कागद धुंडाळत, हे खंड चाळलेल्या माणसाला सांगायला नको. आणि मी ट्रकवरचं भाषण घेऊन दौंडला चाललो होतो.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीला मी शिरूरला आलो आणि रात्री आठला चालायला लागलो. आठलाच, कारण ३१ डिसेंबर १८१७ ला कॅप्टन स्टाँटनची तुकडी साधारण त्याच वेळी शिरूरहून निघाली होती. त्यांना पुण्याला पोचायचं होतं. मला फक्त ते किती चालले ते पायांना विचारायचं होतं.

पुणे-नगर रस्ता आता चौपदरी आहे. ट्रकांचे दिवे अंगावर येत होते. कारेगाव, रांजणगावचा गणपती, एमआयडीसीतले निळे-पांढरे दिवे, पाळी बदलायच्या बसगाड्या. कोंढापुरीच्या पुढं थंडी बोचायला लागली. शिकरापूरला एका टपरीवर चहा घेतला. त्यांना रात्री चहा कोण देणार होतं? सणसवाडी येईतो पायांत गोळे आले. माझ्या पाठीवर एक पिशवी, तीत पाण्याची बाटली आणि दोन भाकऱ्या. त्यांच्या पाठीवर बंदूक, दारूगोळा. त्यात तोफा ओढायच्या. चाळीसेक किलोमीटर रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमारास ते पोचले, तर समोर पेशव्यांची फौज. मग रात्रीपर्यंत लढाई. नदी डोळ्यांसमोर आणि पाणी मिळत नाही. अन्नाचा कण नाही. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. पण भुकेची आणि तहानेची बाजू ट्रकवर कुणी सांगितली नव्हती. ती मला सणसवाडीच्या पुढं माझ्या पोटऱ्यांनी सांगितली.

सकाळी भीमेचा पूल ओलांडून पेरण्याच्या बाजूला स्तंभापाशी पोचलो. १ जानेवारीला तिथं लाखोंची गर्दी असते. त्या दिवशी मी होतो आणि एक झाडणारी बाई होती. मी नावं वाचायला लागलो. बोट ठेवून, एकेक.

लढाईत पडलेल्यांची नावं तिथं ४९ आहेत. त्यांतली 'नाक' शेवटी असलेली, म्हणजे आपली, २२. बाकी मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत. फौज सगळी मिळून आठशेच्या आसपास. पायदळ पाचशेच्या आसपास, त्यात महार मोठ्या संख्येनं, पण सगळे पाचशे महार नव्हेत. समोरची अठ्ठावीस हजारांची फौज जवळ होती हे खरं, पण प्रत्यक्ष चालून आली ती तिच्यातली काही हजारांची तुकडी. आणि हेही, की दुसऱ्या दिवशी रात्री तुकडी मागं फिरली आणि पुण्याला न जाता शिरूरलाच परत आली. उपाशी.

आणखी एक गोष्ट दिसली. स्तंभावरचा लेख इंग्रजीत आणि मराठीत आहे. दोन्हींत शौर्य आहे, पण ते कंपनी सरकारचं शौर्य. त्या २२ माणसांनी त्या रात्री एकमेकांना काय सांगितलं, कशासाठी लढलो असं त्यांना वाटलं, पगारासाठी, इमानासाठी, की गावात थुंकायचीही चोरी होती म्हणून, यातलं अक्षरसुद्धा दगडावर नाही. नावं आमची आणि मजकूर दुसऱ्याचा. इथंही दवंडीच.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब इथं आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर गेले. मधे तीन महिनेसुद्धा नाहीत. दगड शंभर वर्षं कंपनीचं बोलत होता, त्याला त्यांनी आपलं बोलायला लावलं. त्यासाठी त्यांना आकडा फुगवावा लागला नाही. बावीस नावांत तेवढं बळ होतं. मी पायरीवर बसलो, भाकरी खाल्ली आणि लिहिलेलं भाषण फाडलं. झाडणारी बाई म्हणाली, "हितं टाकू नका, खिशात घाला." घातलं.

आता दोन्हीकडून ओढाताण सुरू झाली.

वस्तीत सांगितलं, तर पोरं गप्प. मग एक जण म्हणाला, "पाचशेचं बावीस केलंस? दौंडच्या लोकांत बसायला लागला आणि त्यांची भाषा आली का तुला?" मी म्हणालो, मेलेले बावीस, लढलेले कितीतरी जास्त. पण सगळे पाचशे आपले नव्हते. तो म्हणाला, "लोकांना हुरूप पायजे, हिशेब नको." हा माझा जिवाभावाचा दोस्त. १ जानेवारी २०१८ ला, दोनशे वर्षं पुरी झाली त्या दिवशी, दगडफेक आणि जाळपोळ झाली, एक तरुण जीव गेला, तेव्हा हा रस्त्यावर अडकला होता, रात्रभर उसात लपून बसला होता. त्याला मी आकडे शिकवायला निघालो होतो. मला माझीच लाज वाटली. तरी आकडा खरा होता. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे त्या रात्री कळलं.

दुसरीकडून मंडळाच्या प्रमुखांचा फोन. सभ्य माणूस, आवाजात कधी चढ नाही. म्हणाले, "विषय फार उत्तम आहे. पण २०१८ नंतर जरा नाजूक झालाय. तुम्ही शिरूरची बाजारपेठ घ्या, घोडनदी घ्या, रांजणगावचा गणपती घ्या. कोरेगाव आलंच तर एका वाक्यात. वादग्रस्त भाग वगळा." मग थोडं थांबून, "तुमच्या कारखान्यातले दोघं-तिघं आमच्याकडे येत असतात." एवढंच. धमकी नव्हती. पण मी हंगामी माणूस. हंगामी माणसाला थांबलेलं वाक्यही पुरतं.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. भाषण छापून तयार झालं. मंडळाला त्यातला काही भाग नको होता. बाबासाहेबांनी कळवलं की स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषदच रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चानं काढलं, पंधराशे प्रती, दोन महिन्यांत संपल्या. न दिलेलं ते भाषण आज जगभर वाचतात. हे आठवून मला जोर यायला पाहिजे होता. खरं सांगू? आला नाही. त्यांच्याकडं छापखाना होता, माझ्याकडं एप्रिलपर्यंतचा पगार होता. फोन ठेवल्यावर मी घोडनदी आणि बाजारपेठेवर एक पान लिहिलं. चांगलं लिहिलं. व्याकरणशुद्ध. आयला वाचून दाखवलं.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ह्यात तू कुठं हायस?"

मी ते पानही खिशात घातलं.

रविवारी शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुला, चौफुल्याहून दौंड. एसटीत उभ्यानं. कागद नाही, पाठ केलेलं नाही. मनात १७ डिसेंबर १९४६ घोळत होता. त्या दिवशी घटना समितीत राजेंद्रप्रसादांनी बाबासाहेबांचं नाव अचानक पुकारलं. बाबासाहेबांनी उठून सांगितलं की माझ्या आधी वीस-बावीस जण आहेत असं मी समजत होतो, उद्या पाळी येईल असं धरून तयारी न करता आलोय, शिवाय वेळ दहा मिनिटांचा. आणि तसेच बोलले. तयारी नाही म्हणत होते. आयुष्यभराची तयारी होती तिथं. माझी तयारी चाळीस किलोमीटरची.

हॉलमधे नाव पुकारलं. उभा राहिलो. तोंड उघडलं आणि काहीच नाही. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. वीस सेकंद गेले असतील. मिलमधे पट्टा तुटल्यावर एकाएकी शांत होतं आणि सगळे धावतात, तसं वाटलं. फक्त धावणारा मी एकटा. मग तोंडातून आलं:

"माझा पणजा दवंडी द्यायचा."

हे मी लिहिलेलंच नव्हतं. पण आलं, आणि मग पुढचं येत गेलं. पणजा. रात्री आठला निघालेली तुकडी. कोंढापुरीची थंडी. नदी समोर असून मिळालं नाही ते पानी. हो, पानीच म्हणालो. भाषा तपासणाऱ्याचं पेन हललेलं दिसलं. मग चवदार तळं आलं. तिथंही पानी. मी थांबलो आणि म्हणालो, ज्या पान्याला आमचा हात चालत नव्हता, त्याचा उच्चार आम्हाला कोण शिकवणार होतं? कोणी हसलं नाही. टाळीही नाही. मी खिशातला फाटका कागद काढला. त्याच्या मागं नावं उतरवून आणली होती. बावीस नावं वाचली. सावकाश. मधेच घंटा झाली, सात मिनिटं संपली. बारा नावं झाली होती. वेळ बघणाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. मी तेरावं नाव वाचलं. बाविसावं झालं तेव्हा दुसऱ्यांदा घंटा वाजली होती. जयभीम म्हणून बसलो.

हिशेब झाला. वेळ नऊ मिनिटं दहा सेकंद, नियमभंग. अडखळणं तेवीस वेळा. 'पानी' सात वेळा, 'व्हतं' अकरा, 'आनि' मोजता आलं नाही. प्रमुख म्हणाले, "आशय प्रामाणिक. विषयाची निवड टाळता आली असती."

मग शेवटच्या रांगेतल्या एक शिक्षिका उठल्या. म्हणाल्या, "तुम्ही ४९ नावं म्हणालात. २२ वाचलीत. उरलेली २७ का नाही वाचली? तेही तहानलेलेच होते ना?"

मी ताडकन म्हणालो, "बाई, ती वाचायला माणसं आहेत."

थोड्या टाळ्या पडल्या. त्या दिवसातल्या पहिल्या. परतीच्या एसटीत त्या टाळ्या मला टोचायला लागल्या. कारण ते उत्तर नव्हतं, टोला होता. ट्रकवरचा. कंपनीच्या लेखात ती २७ नावंही आमच्या नावांसारखीच गप्प उभी आहेत, पगारी शिपायांची. त्यांच्या पोटातली भूक कुठल्या जातीची होती? पण मग हेही खरं, की लढाई संपल्यावर ते आपापल्या गावात परत गेले असतील तर वेशीच्या आत गेले असतील. आणि आमचा नाक वेशीबाहेर थांबला असेल. तहान एक होती, विहीर एक नव्हती. हे मला हॉलमधे सुचायला पाहिजे होतं. चौफुल्याला सुचलं. बाई, हे पान तुमच्यापर्यंत पोचलं तर हे माझं उत्तर समजा.

नोकरीचं विचाराल तर, काही झालं नाही. हंगाम चालू आहे, मिल चालू आहे. एप्रिलनंतरचं एप्रिलनंतर. मंडळात मी पुन्हा जातो. का जातो? घड्याळ शिकण्यासारखं आहे. अडखळणं मोजून घेण्यातही वाईट नाही. तेवीसचं नऊवर आलंय. पानी तेवढं पानीच ठेवलंय.

आणि दोस्त? पंधरा दिवस बोलला नाही. मग एका रात्री मोबाईल पुढं करून म्हणाला, "ती नावं पाठव." पाठवली. त्यानं तिथंच उभ्यानं मोठ्यानं वाचली. चौथ्या-पाचव्या नावाला त्याचा आवाज खाली आला. त्याला हुरूप आला की नाही माहीत नाही. पण आकड्याचं पुन्हा काही बोलला नाही.

मित्रांनो, जुलै १९५६ मधे बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू पाहणाऱ्यांसाठी एक शाळा काढली. ट्रेनिंग स्कूल फॉर एंट्रन्स टू पॉलिटिक्स. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी. बाबासाहेब तिथं येऊन शिकवणार त्याआधीच ६ डिसेंबर आला. पुढच्या वर्षी शाळाही बंद पडली. त्या पंधरा जणांचा विचार माझ्या मनातून जात नाही. वह्या उघडून बसलेले असतील. आपण अजून त्याच वर्गात बसलोय असं मला वाटतं, आणि सर यायचे नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा आपणच एकेकानं उठून बोलायला पाहिजे.

म्हणून आमच्या वस्तीत आम्ही शनिवारी बसतो. बुद्धविहारात, सतरंजीवर. सुरुवातीला पाच जण होतो. नियम एकच: ऐकलेलं सांगायचं असेल तर कुठून ऐकलं ते सांगायचं, नाहीतर स्वतःचं सांगायचं. तिसऱ्या शनिवारी पोरांनी आयला उभं केलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला काय बोलाया येतंय." मग खाली बसूनच सुरू झाली. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्याचं. टँकर कुठं थांबायचा, आधी कुठल्या आळीला, मग कुठल्या, आणि आमच्या आळीला येईतो नळीतून नुसती हवा यायची. घागर रिकामी घेऊन परत येताना ती मोकळी घागर डोक्यावर का धरायची, कंबरेवर का नाही, तेही तिनं सांगितलं. भरलेली वाटावी म्हणून. पाऊण तास बोलली. पानी किती वेळा म्हणाली ते कुणी मोजलं नाही.

शिरूरकडं आलात तर या. शनिवारी रात्री नऊला, माझी चार ते बारा नसेल तेव्हा मीही असतो. घंटा नाही, सात मिनिटांची अट नाही. चहा आहे. शब्द तेवढे आपले आपण आणायचे.